एकोणसाठ टक्के

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत रिकामा माणूस सापडत नाही. ज्याला नोकरी आहे तो नोकरी करतो आणि ज्याला नाही तो प्रिपरेशन करतो. ‘काय चाललंय?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असं उत्तर देणारा तरुण या वस्तीत मी तरी पाहिलेला नाही. इतर गावांत पोरगं बेकार असतं, आमच्याकडे ते ‘ग्रुप-वनला बसतंय’. बसण्याची सोयही सरकारनेच केलेली आहे. तिला सिटी सेंट्रल लायब्ररी म्हणतात. नावाला ग्रंथालय, पण येणारे बहुतेक जण पुस्तकं घरूनच घेऊन येतात आणि ग्रंथालयाची फक्त खुर्ची वापरतात. खुर्ची न मिळालेले आवारातल्या झाडाखाली बसतात. झाडही न मिळालेले पलीकडे अशोकनगरात कोचिंग क्लास लावतात आणि तिथे पैसे मोजून बसतात.

या मंडळींची मी कधी थट्टा करत नाही, कारण नशिबाने ती आधीच भरपूर केलेली आहे. तेलंगणाच्या ग्रुप-वनची, म्हणजे राज्यसेवेची, पूर्वपरीक्षा ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. पेपर फुटल्यामुळे ती मार्च २०२३ मध्ये रद्द झाली. जून २०२३ मध्ये पुन्हा झाली, ती सप्टेंबरात उच्च न्यायालयाने रद्द केली. मग नव्याने जाहिरात निघून जून २०२४ मध्ये तिसऱ्यांदा झाली. विद्यार्थी नापास होतात हे आम्ही जाणत होतो. इथे परीक्षाच लागोपाठ दोनदा नापास झाली, आणि तिला कुणी ‘तुझे टक्के किती?’ असं विचारलं नाही.

तो प्रश्न राखून ठेवलेला होता आमच्या भाच्यासाठी.

भाचा यंदा बीटेक झाला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये झाला, आणि सीजीपीए पडला ६.४. कॅम्पस प्लेसमेंटच्या कंपन्या आल्या आणि गेल्या, त्या येण्या-जाण्याच्या वाटेत भाचा कुठे उभा होता ते कुणाला दिसलं नाही. निकालानंतर काही दिवस तो गप्प होता. मग एके संध्याकाळी त्याने जाहीर केलं, ‘मी मास्टर्स करावं म्हणतो.’ ताईच्या हातातला डाव तसाच राहिला. कमी गुण मिळालेल्या मुलाने शिक्षण थांबवण्याची परवानगी मागितली असती तर तिला ती कशी नाकारायची हे ठाऊक होतं. पण कमी गुण मिळवून वर अजून शिकू द्या म्हणणाऱ्या मुलाचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

साहजिकच घरात बैठक बसली. बैठकीपुढचा पहिला विषय, ६.४ म्हणजे नक्की किती?

भावोजी म्हणाले, दहाने गुणा, चौसष्ट. बाप आहेत ते. पुण्याच्या आत्या फोनवर होत्या. त्यांच्या मुलीच्या दहावीच्या वेळी सीबीएसईत साडेनऊने गुणायचे, म्हणून त्यांनी ६०.८ काढले आणि माहेरच्या मायेने ‘एकसष्टच धरा’ म्हणाल्या. मुंबईच्या काकांनी तिथल्या विद्यापीठाचं सूत्र लावलं, ७.१ ने गुणून ११ मिळवायचे. आले ५६.४४. मग कुणीतरी एआयसीटीईचा हिशेब काढला, सीजीपीएतून पाऊण वजा करून दहाने गुणायचं. आले ५६.५. शेवटी भाच्याने खाली मान घालून आपल्या विद्यापीठाचं, जेएनटीयूचं सूत्र सांगितलं, कारण पदवीच्या कागदावर तेच चालणार होतं. अर्धा वजा करा आणि दहाने गुणा. एकोणसाठ.

म्हणजे एकच मुलगा एकाच खुर्चीवर बसल्या बसल्या छप्पन ते चौसष्टच्या दरम्यान हिंडून आला, आणि थांबला अशा ठिकाणी की जिथून साठ दिसतात पण हाताला लागत नाहीत. प्रथम वर्ग ६.५ ला सुरू होतो. याला ६.४.

‘पॉइंट वन कुठे सांडला?’ भावोजींनी विचारलं. पुढचा तासभर त्या पॉइंट वनचा शोध चालला. संशयाची सुई बराच वेळ इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरीवर होती, कारण त्या विषयात भाच्याला सप्ली लागली होती. महाराष्ट्रात ज्याला एटीकेटी म्हणतात, त्याच्याशी आमच्याकडची ही सप्ली सख्ख्या बहिणीच्या नात्याची. पण ताईचा तपास जास्त शास्त्रीय होता. ज्या ज्या सेमिस्टरला गुण कमी पडले होते, त्या त्या सेमिस्टरला क्रॉस रोड्सवर सुदर्शनला आणि देवीला कोणते सिनेमे लागले होते, ते तिने तोंडपाठ सांगितलं. दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्यावर पुढच्या पुराव्याची गरज उरली नाही.

वरच्या मजल्यावरच्या आंटी एवढ्यात दही मागायला आल्या. ‘एम चेस्तुन्नावु, नान्ना?’ म्हणजे काय करतोस बाळा, असं त्यांनी प्रेमाने विचारलं आणि त्याच प्रेमाने पुढे विचारलं, ‘पर्सेंटेज एंता?’ ताईने झटकन दही दिलं. वाटी नेहमीपेक्षा जास्त भरलेली होती.

आता मुळात पदव्युत्तर शिक्षण माणसं का घेतात, याचा विचार कुणी करत नाही. गुण चांगले असले तर तो विचार न करताच ते घेता येतं. गुण कमी असले की मात्र सगळं खानदान तत्त्वज्ञ होतं. मी आजवर पाहिलेले पदव्युत्तर चार प्रकारचे. पहिल्याला नोकरी मिळत नसते. ‘सध्या मार्केट खराब आहे, दोन वर्षांनी सुधारेल’ असं तो म्हणतो. मार्केटलाही बहुधा तसंच वाटत असावं, हा बाहेर पडला की आपण सुधारू. दुसऱ्याला लग्नाच्या बाजारात उभं राहायचं असतं, कारण बायोडेटात ‘एम.एस., यूएसए’ लिहिलं की पुढच्या ओळी कुणी वाचत नाही. तिसऱ्याची समजूत अशी की पदवीवर वरची पदवी ठेवली की खालची झाकली जाते. ती जात नाही. आपल्याकडे आयआयएमवाले मुलाखतीला बोलावताना दहावीचे गुणही हिशेबात धरतात, मग पदवीचे कुठून सुटणार? चौथ्याला विषय खरोखर आवडलेला असतो. हा प्रकार दुर्मीळ, आणि आवडतं असं म्हणण्याची त्याला लाज वाटत असल्यामुळे तो ओळखूही येत नाही. घरातले त्याला पहिल्या प्रकारात टाकून मोकळे होतात.

भाचा कुठल्या प्रकारातला, हे बैठकीत ठरेना. तेव्हा हैदराबादेत असा पेच पडल्यावर जे करतात ते आम्ही केलं. एका कन्सल्टन्सीत गेलो.

हिमायतनगरपासून अमीरपेटपर्यंत या शहरात परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सी आहेत, आणि त्यांच्यात एक गोष्ट समान आहे. तिथे नाही हा शब्द नाही. समोरच्या मुलीने गुणपत्रिका पाहिली, एक क्षण डोळे मिटले आणि म्हणाली, ‘पॉसिबल, सर.’ मग तिने विद्यापीठांचे तीन ढीग केले. अँबिशस, मॉडरेट आणि सेफ. अँबिशस म्हणजे जी आपल्याला घेणार नाहीत. मॉडरेट म्हणजे ज्यांनी अजून ठरवलेलं नाही. आणि सेफ म्हणजे ज्यांना आपल्यापेक्षा आपल्या फीची जास्त गरज आहे. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चारपैकी तीनचा जीपीए किमान धरतात, असं तिने सांगितलं. पण लगेच धीर दिला की किमान हा शब्द प्रत्येक विद्यापीठात थोडा वेगळा उच्चारतात.

जीआरईची माहिती ऐकून मात्र भावोजी हरखले. ही परीक्षा २०२३ पासून दोन तासांच्या आत उरकते, आणि गुण २६० ते ३४० यांच्या दरम्यान पडतात. म्हणजे अगदी तळाचा उमेदवारही २६० घेऊन उठतो. ‘आमच्या वेळी असं असतं तर,’ भावोजी मला हळूच म्हणाले, ‘मी गणितात कधीच शून्यावर गेलो नसतो.’

त्यानंतर एसओपी. अर्ज करणाऱ्याने आपण का शिकू इच्छितो हे दोन पानांत सांगायचं, त्याला हे नाव आहे. कन्सल्टन्सीकडे नमुना तयार होता. पहिलंच वाक्य असं की अर्जदाराला लहानपणापासून यंत्रांचं विलक्षण आकर्षण आहे. भाच्याचं लहानपण माझ्या डोळ्यांसमोर गेलंय. त्याला एकाच यंत्राचं आकर्षण होतं, ते म्हणजे टीव्हीचा रिमोट, आणि तेही दुसऱ्याच्या हातात असला तरच. दुसऱ्या परिच्छेदात कमी गुणांचा खुलासा करायचा. त्यासाठी तीन पर्याय होते. आजारपण, घरगुती अडचण आणि हळूहळू वर चढलेला आलेख. आलेखाचं काही जमेना, कारण भाच्याचा आलेख सिनेमांच्या यादीप्रमाणे वर-खाली होत होता. ‘मग आजी एक्स्पायर झाल्या असं बरेच जण लिहितात,’ मुलगी म्हणाली.

घरी येऊन हा मजकूर वाचला जात असताना आमची आई तिथेच अंबाडी निवडत बसली होती.

‘कोण गेलं?’ तिने विचारलं.

भाचा गप्प. ताईने घाबरत घाबरत सांगितलं. आईने दोन देठ खुडले आणि म्हणाली, ‘त्याचे मार्क वाढणार असतील तर लिही बाबा. पण सुतक कुणी पाळायचं ते आधी ठरवा.’ तो परिच्छेद तिथेच कापला गेला.

शिफारसपत्रांचं प्रकरण त्यामानाने सोपं निघालं. भाचा ज्या सरांकडे गेला त्यांनी देशभर चालणारी जुनी पद्धत अवलंबली. ‘मजकूर तूच लिहून आण, मी बघतो.’ स्वतःची स्तुती स्वतः लिहायची वेळ माणसावर येते तेव्हा त्याचं खरं वळण कळतं. भाच्याने लिहिलं, हा विद्यार्थी वेळेवर येतो. सर म्हणाले, एवढं खोटं लिहू नकोस.

आता उरला देव. हैदराबादच्या बाहेर, उस्मानसागरच्या बाजूला चिलकूरचा बालाजी आहे. लोक त्याला व्हिसा बालाजी म्हणतात. मागणं मागताना अकरा प्रदक्षिणा घालायच्या, पूर्ण झालं की एकशे आठ. देवळात हुंडी नाही, त्यामुळे देवाला पैसे देऊन रांगेत पुढे जाता येत नाही, आणि मुख्य म्हणजे तिथे कुणी ट्रान्सक्रिप्ट मागत नाही. भाच्याने अकरा घातल्या. कुठेही अर्ज न करताच घातल्या. मी त्याला म्हटलं, ‘अरे, देवाने मंजूर तरी काय करायचं? त्याच्यासमोर कागद नको का?’

याच सुमारास भावोजींच्या फोनवर थोर माणसं येऊ लागली. कमी गुण पडलेल्या प्रत्येक मुलाच्या घरात ती येतातच. अमुक एक नापास झाला होता, तमुक एकाला शाळेतून काढलं होतं. वाचून असं वाटावं की नापास होणं ही थोर होण्याची पहिली पायरी असून दुसरी पायरी आपोआप येते. मला या निरोपांचा राग येत नाही, पण ते अर्धेच असतात म्हणून मी उरलेला अर्धा शोधून ठेवलेला आहे.

सुरुवात कलकत्त्यापासून करू. तिथल्या विद्यापीठाची पहिली बी.ए.ची परीक्षा १८५८ साली झाली. पास झाले दोघे, बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बसू. झाले म्हणजे केले गेले. दोघेही एका विषयात थोडक्यात अडकले होते, आणि सात गुणांच्या आतली तूट आहे म्हणून विद्यापीठाने ती सोडून दिली. एका मोठ्या विद्यापीठाच्या पदवीधरांची यादी ग्रेस मार्कांनी सुरू होते, ही गोष्ट ऐकून भाच्याची मान बऱ्याच दिवसांनी वर आली.

या गोष्टीचा दुसरा अंक तर आमच्याच शहरात घडला. ग्रेसवर पास झालेल्या त्याच बंकिमचंद्रांचं ‘वंदे मातरम्’ वसतिगृहात म्हटलं म्हणून १९३८ साली निजामाच्या राज्यात विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. चिक्कडपल्लीपासून रिक्षाच्या टप्प्यात असलेल्या उस्मानिया विद्यापीठातून आणि इतर कॉलेजांतून मुलांना काढून टाकलं. कमी गुण परवडले, पण हातात काढून टाकल्याचा शेरा घेऊन प्रवेश मागायचा म्हणजे काय? नागपूर विद्यापीठाने त्यांना घेतलं. त्या वाटेने गेलेल्यांत वरंगळकडचा एक मुलगा होता. तो नागपुरात शिकला, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकला, परत नागपुरात कायदा शिकला. पुढे त्याने हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली, आणि १९९१ साली तो देशाचा पंतप्रधान झाला. पी. व्ही. नरसिंह राव. प्रवेश देताना नागपूरने फक्त शेरा वाचला असता तर आपट्यांची नायिका यमू तेलुगू बोलायला शिकली नसती.

‘बघ!’ भावोजी म्हणाले. पण भाचा म्हणाला, ‘बाबा, मला गाणं म्हटल्याबद्दल गुण कमी पडलेले नाहीत.’ हा मुद्दा त्याने प्रामाणिकपणे मांडला, आणि तो बरोबर होता.

मग रामानुजन. एफ.ए.ला गणित सोडून बाकी विषयांत ते गडगडले, कुंभकोणमला आणि पुन्हा मद्रासला. त्यांचं उदाहरण देताना लोक इथेच थांबतात. पुढची गोष्ट अशी की १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिलं. त्यात लहानपणापासूनच्या आकर्षणाबद्दल काही नव्हतं. मी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून आहे, वर्षाला वीस पौंड मिळतात, विद्यापीठाचं शिक्षण झालेलं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि सोबत प्रमेयांची पानं जोडली. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या कारकुनाला महिना पंचाहत्तर रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १९१४ साली ते केंब्रिजला गेले, १९१६ साली संशोधनावर बी.ए. झाले, १९१८ साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. नापास तर त्या काळी मद्रासेत पुष्कळ झाले असतील. पण प्रमेयांची वही यांच्याकडेच होती.

आपल्याकडचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर तर पदव्युत्तरच्या वाटेला गेलेच नाहीत. फर्ग्युसनमधून १९२९ साली बी.एस्सी. झाले आणि देवळालीत शाळामास्तर म्हणून राहिले. तिथे बसून त्यांनी ६१७४ हा आकडा शोधला. कुठलेही चार आकडे घ्या, सगळे सारखे नसले म्हणजे झालं. उतरत्या क्रमाची संख्या करा, तीतून चढत्या क्रमाची वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतात आणि मग हलत नाहीत. आमच्या घरातली चर्चाही अशीच चालते. कुठूनही सुरू करा, सातव्या वाक्याच्या आत एकोणसाठवर येते आणि तिथेच थांबते.

आणि बाबासाहेब. त्यांचं उदाहरण भावोजींनी दिलं तेव्हा मात्र मी त्यांना थांबवलं. १९०७ साली आंबेडकर मॅट्रिक झाले ते साडेसातशेपैकी २८२ गुण मिळवून, म्हणजे अडतीस टक्क्यांच्याही आत. १९१२ साली एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले. पुढच्या वर्षी बडोद्याच्या सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली आणि ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली एम.ए. झाले. आमच्या उस्मानियाने त्यांना १९५३ साली डी.लिट. दिली, तोवर ते देशाची राज्यघटना लिहून मोकळे झाले होते. हे सगळं खरं आहे. पण त्या २८२ गुणांमागे वर्गात वेगळं बसवलेलं, पाण्याच्या भांड्याला हात लावू न दिलेलं बालपण होतं. भाच्याच्या एकोणसाठ टक्क्यांमागे एसी होता. ज्यांचे गुण जगाने कापले त्यांची नावं, ज्यांनी स्वतःचे स्वतः कापले त्यांनी घेऊ नयेत. बाबासाहेबांकडून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. संधी मिळाली तेव्हा ते कोलंबियात पदवीपुरतेच विषय घेऊन थांबले नाहीत, वर्गांमागून वर्ग घेत सुटले.

तर भावोजींच्या सगळ्या निरोपांचा निकाल एका प्रश्नात लागतो. गुण कमी आहेत, ठीक. वही कुठाय?

हा प्रश्न मी भाच्याला विचारला तेव्हा तो म्हणाला, ‘कसली वही? काही नाही मामा.’ मग कपडे वाळत घालायला ताई गच्चीवर गेली आणि तिथून तिने नेहमीप्रमाणे हाक मारली, ‘अरे, ती तुझी तार काढ इथून, चादरी अडकतात!’

ती तार मी कित्येक महिने बघत होतो. तांब्याच्या दोन भुजा, प्रत्येकी त्रेपन्न सेंटिमीटरच्या आसपास, मध्ये एकशेवीस अंशांचा कोन, खाली पीव्हीसीचा पाइप. आमचा समज असा की ती टीव्हीची काहीतरी भानगड आहे, आणि ताईचा समज असा की ती वाकडी झालेली वळणी आहे. त्यामुळे रुमाल वगैरे हलके कपडे ती तिच्यावरच टाकायची. भाच्याने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं की तो अँटेना आहे. अमेरिकेचे नोआ नावाचे हवामान उपग्रह डोक्यावरून जात तेव्हा १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास त्यांचा सिग्नल यायचा. तो याने पकडायचा, लॅपटॉपला लावलेल्या एका छोट्या डोंगलमधून आत घ्यायचा आणि त्याचं चित्र करायचं. मग त्याने चित्रं दाखवली. करडी, रेघारेघांची. त्यांत बंगालचा उपसागर होता, आणि आंध्रच्या किनाऱ्याकडे सरकणारे ढग होते. काही चित्रांच्या मधोमध आडवे काळे पट्टे होते. ‘हे काय?’ मी विचारलं. ‘तेव्हा आईने रुमाल वाळत घातले होते,’ तो म्हणाला.

‘तुला इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरीत सप्ली लागली होती ना?’

‘हौ. पेपरात अँटेनाचं डेरिव्हेशन होतं. मला आठवलं नाही.’

‘आणि हे एसओपीत का नाही लिहिलंस?’

‘हे टाइमपास आहे, मामा.’

इथे सगळा घोटाळा आहे. ज्याला यंत्रांचं आकर्षण कधीच नव्हतं त्या काल्पनिक मुलाबद्दल दोन पानं लिहिली गेली होती. जो मुलगा रात्री उपग्रहाची वेळ लावून गच्चीवर उभा राहायचा, त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती. आपली पोरं गुणपत्रिकेत जे आहे त्यालाच शिक्षण समजतात. उरलेलं सगळं त्यांच्या लेखी टाइमपास, कारण लहानपणापासून त्यांना आपणच तसं सांगितलेलं असतं.

मग आम्ही दोघं बसलो आणि कुठली दारं खरोखर बंद आहेत ते पाहिलं. वाटली होती तेवढी बंद निघाली नाहीत. एनआयटींच्या एम.टेक.ला खुल्या गटासाठी ६.५ किंवा साठ टक्के लागतात. ते दार पॉइंट वनने बंद, तिथे रडून उपयोग नाही. तेलंगणातल्या विद्यापीठांत पीजीईसीईटी या प्रवेशपरीक्षेने जायचं तर पन्नास टक्के पुरतात. एमबीएच्या कॅटलाही पन्नासच. एम.टेक.च्या प्रवेशात उंबरठा ओलांडला की पुढची रांग बहुतेक गेट परीक्षेच्या गुणांवर लागते, पदवीच्या नाही. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, आणि गेटवर प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकतं. पुढे पीएच.डी. करायची झाली तर मास्टर्सचे पंचावन्न टक्के बघतात. म्हणजे हा एकोणसाठचा आकडा जिथे साठ लिहिलंय तिथेच आडवा येतो. बाकीच्या ठिकाणी तो एकदा विचारतात आणि बाजूला ठेवतात. त्याला रोज उशाशी घेऊन झोपतो तो फक्त आपण.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथे प्रश्न गुणांचा कमी आणि कर्जाचा जास्त आहे. घर गहाण ठेवून सेफ विद्यापीठात जाणारा मुलगा सेफ असतो, घर नसतं. भावोजींना हे पटलं. त्यांनी अँबिशस आणि मॉडरेट मिळून मोजकेच अर्ज ठरवले आणि तिसरा ढीग कन्सल्टन्सीला साभार परत केला.

एसओपी भाच्याने नव्याने लिहिला. पहिल्या ओळीत गच्चीवरची तार आहे. सप्लीचा उल्लेख एका वाक्यात आहे, रडगाणं न गाता. आजी हयात आहे. सरांनी तो मजकूर वाचला, अँटेनाची चित्रं बघायला मागितली, आणि शिफारसपत्र या वेळी स्वतः लिहितो म्हणाले. वरच्या आंटींना ताई आता ‘पर्सेंटेज’ऐवजी उपग्रह सांगते. आंटींना तो इस्रोचा वाटतो आणि ताई ती चूक दुरुस्त करत नाही.

तेव्हा कमी गुण घेऊन घरात बसलेल्या आणि अर्ज करू की नको या विचारात शेवटची तारीख घालवणाऱ्या तमाम मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. खालची पदवी झाकण्यासाठी वरची घेणार असाल तर नक्को, दोन वर्षं आणि बापाचे पैसे वाचवा. घरच्यांनी टाइमपास ठरवलेली एखादी तार तुमच्याही गच्चीवर असेल, तर मात्र किमान पात्रता बघा, खरं तेच लिहा आणि अर्ज टाका. आपण बसणार नाही असं आपणच ठरवून टाकू नका. नाही म्हणायला त्या विद्यापीठांनी पगार देऊन माणसं ठेवलेली आहेत, त्यांचं काम फुकटात करू नका.